बंबावरचा माणूस काढून टाकल्यावर: पेलेट शेगडीचा घरगुती नियंत्रक कसा काम करतो

तांब्याच्या बंबात पाणी तापवताना आग राखण्याचे काम माणूस करतो. तो मधल्या नळीत ढलप्या टाकतो, धूर वाढला की खालची राख सारतो, जाळ मंदावला की फुंकर घालतो आणि पाणी तापले की जळण टाकायचे थांबवतो. ही सारी कामे तो डोळ्यांनी पाहून आणि सवयीने करत असल्यामुळे त्यांत किती निर्णय दडलेले आहेत हे त्याच्या लक्षातही येत नाही. इटली, ऑस्ट्रिया किंवा अमेरिकेचा वायव्य भाग अशा थंड प्रदेशांत घर उबदार ठेवण्यासाठी जी पेलेट शेगडी वापरतात, तिच्यात हा माणूस काढून त्याच्या जागी एक सर्किट बोर्ड बसवलेला असतो. तो बोर्ड बिघडला आणि शेगडीचे मॉडेल बंद झाल्यामुळे नवा बोर्ड मिळेनासा झाला, किंवा मिळाला तरी त्याची किंमत जुन्या शेगडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागली, की लोखंडी सांगाडा, मोटर आणि पंखे ठणठणीत असूनही शेगडी अडगळीत जाते. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेले लोक स्वतःचा नियंत्रक बनवू पाहतात. आतली यंत्रणा, तिला चालवणारे तर्कशास्त्र आणि त्यातले खरे धोके हा या लेखाचा विषय आहे. प्रत्यक्ष जोडणीचे काम घरगुती विजेच्या दाबाशी आणि आगीशी संबंधित आहे. शिवाय युरोपात अशा जुन्या शेगड्यांना 'ईएन १४७८५' आणि अमेरिकेत 'एएसटीएम ई१५०९' या मानकांनुसार तपासलेले असते. बोर्ड बदलल्यावर ती तपासणी त्या शेगडीला लागू राहत नाही आणि घराच्या विम्यावरही त्याचा परिणाम होऊ शकतो, हे कामाला हात घालण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाला प्रचंड दाबाखाली छिद्रांमधून ढकलून तयार केलेल्या बारीक कांड्या. लाकडातलेच लिग्निन दाबाने आणि उष्णतेने मऊ होऊन भुशाला बांधून ठेवते, त्यामुळे वेगळा डिंक बहुधा लागत नाही. घरगुती शेगडीतल्या कांडीची जाडी युरोपात सहसा ६ मिलिमीटर असते, लांबी ३.१५ ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान असते आणि ओलावा १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. चांगल्या प्रतीच्या एक किलो पेलेटमधून ४.६ युनिटपेक्षा अधिक उष्णता मिळते. या जळणाचे खरे वैशिष्ट्य मात्र उष्णतेत नाही. ओंडका किंवा ढलपी यंत्राला मोजून टाकता येत नाही, पण पेलेट धान्यासारखे ओघळतात. अमेरिकेत १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर पर्यायी जळणाचा शोध सुरू झाला आणि बोइंग कंपनीत काम केलेले अभियंता जेरी व्हिटफील्ड यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी वॉशिंग्टन राज्यात घरगुती पेलेट शेगडी विकसित केली. त्यामागेही हाच गुण होता.

शेगडीची रचना समजायला कठीण नाही. मागच्या बाजूला पेलेटची साठवण असते, तिला होपर म्हणतात. होपरच्या तळाशी मळसूत्री दांडा असतो आणि तो गिअरच्या मोटरवर अगदी संथ, मिनिटाला साधारण दोन-तीन फेरे या गतीने फिरून पेलेट वर चढवतो. तिथून ते एका उतरत्या नळीतून छिद्रे असलेल्या लहानशा लोखंडी वाटीत पडतात, आणि सगळी आग काय ती या वाटीतच असते. एक पंखा धूर बाहेर खेचतो. तो खेचत असल्यामुळे शेगडीच्या पोटात किंचित उणा दाब तयार होतो आणि वाटीच्या छिद्रांमधून ताजी हवा आत शिरते, म्हणजे हाच पंखा जाळाला फुंकर घालतो आणि धुराचीही वाट लावतो. दुसरा पंखा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवतो, आणि त्याचा आगीशी थेट संबंध नसतो. वाटीशेजारी सुमारे ३०० वॉटची तापणारी कांडी असते, ती पेटवण्यापुरती लागते. धुराच्या वाटेत एक तापमापक असतो, खोलीसाठी दुसरा. यांखेरीज होपरजवळ अति-उष्णतेचा स्विच आणि धुराच्या वाटेत दाबाचा स्विच असतो.

एवढ्या साहित्यावरून पाहणाऱ्याला वाटते की खोली थंड असेल तर मोटर चालू करावी, गरम झाली की बंद करावी, झाले. पाण्याच्या टाकीच्या मोटरला हे तर्कशास्त्र पुरते, पण इथे पुरत नाही, कारण विजेच्या हीटरचे बटण बंद केले की उष्णता थांबते, पण वाटीत पडलेले पेलेट बटण बंद केल्यावरही जळत राहतात. उलट, आता टाकलेल्या पेलेटची उष्णता लगेच मिळत नाही. पेलेट आधी तापतात, मग त्यांच्यातून ज्वलनशील वायू सुटतात, मग ते वायू पेटतात आणि त्यानंतर कुठे धुराचे तापमान चढते. या सगळ्यात काही मिनिटे जातात. घाईचा नियंत्रक या काही मिनिटांत 'अजून गरम होत नाही' असे समजून आणखी जळण टाकतो. मग वाटी भरून वाहते, हवेची छिद्रे बुजतात आणि आग वाढण्याऐवजी गुदमरते. माझ्या मते घरगुती नियंत्रक फसण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे. बनवणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक्स उत्तम येत असते, पण आगीचा संथपणा त्याने हिशेबात धरलेला नसतो.

म्हणून नियंत्रणाचे दोन वेगळे थर करतात. आतला थर एका ठरावीक पातळीवर आग स्थिर ठेवतो, त्या पातळीला किती जळण आणि किती हवा ही जोडी आधीच ठरवून दिलेली असते. बाहेरचा थर खोलीचे तापमान पाहून फक्त पातळी बदलतो, तीही पाच-दहा मिनिटांतून एकदा आणि एका वेळी एकच पायरी. बहुतेक कारखानदारी शेगड्यांत अशा पाच पातळ्या असतात आणि घरगुती नियंत्रकातही त्या पुरेशा ठरतात. खोली हव्या त्या तापमानाला पोहोचली की शेगडी लगेच विझवू नये, सर्वांत खालच्या पातळीवर आणावी, आणि तरीही तापमान दीड-दोन अंशांनी वर गेले तरच विझवावी. पुन्हा पेटवताना वीज फार लागते, हे यामागचे कारण नव्हे. ३०० वॉटची कांडी आठ मिनिटे तापली तर खर्च ०.०४ युनिट, म्हणजे नगण्य. खरा खर्च कांडीच्या आयुष्याचा आणि प्रत्येक पेटवणीत निघणाऱ्या धुराचा असतो.

जळणाचे माप कसे ठरवायचे, याचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने आपल्या शेगडीवर मोजूनच करावा. शेगडी थंड असताना वाटी काढून तिथे भांडे ठेवावे, मोटर दहा मिनिटे सलग चालवावी आणि पडलेले पेलेट तोलावेत. समजा, या हिशेबाने सलग चालवल्यास तासाला ४ किलो पडतात. आपल्याला तासाला १ किलो हवे असेल, तर मोटर एक चतुर्थांश वेळच चालली पाहिजे, म्हणजे दर आठ सेकंदांत दोन सेकंद चालू आणि सहा सेकंद बंद. एक किलो पेलेटमध्ये ४.८ युनिट उष्णता धरली आणि त्यातला काही भाग धुराबरोबर जातो हे मान्य केले, तर खोलीला चार किलोवॉटच्या आसपास मिळतात. या आठ सेकंदांच्या चक्राची लांबीही विचारपूर्वक निवडावी लागते. चक्र एक मिनिटाचे केले तर पंधरा सेकंद ढीग पडतो आणि पाऊण मिनिट वाटी उपाशी राहते, त्यामुळे जाळ उसळतो आणि बसतो. चक्र फार आखूड केले तर मोटर सुरू होण्यात आणि थांबण्यात जाणारा वेळ मापात चूक आणतो. पाभरीच्या चाड्यात बी सोडणाऱ्या बाईची मूठ जशी सारख्या धारेने सैल होत राहते, तसे जळण पडायला हवे. आणि मूठ सारखी असली तरी बी बदलले की पेरा बदलतो, तसे इथेही होते: लांब कांड्यांचे पोते लागले की मळसूत्राच्या खाचांत कमी माल बसतो आणि तेवढ्याच वेळात कमी जळण पडते. म्हणून कार्यक्रमात (नियंत्रकाच्या प्रोग्राममध्ये) पाच-दहा टक्के वर-खाली करण्याची एक मोकळी सोय ठेवावी आणि पोते बदलल्यावर वाटीकडे पाहून ती वापरावी.

हवेचा प्रश्न याहून नाजूक आहे. एक किलो पेलेट पूर्ण जाळायला कागदावरच्या हिशेबाने साधारण ५ घनमीटर हवा लागते, प्रत्यक्षात मात्र तिच्या दुपटीच्या आसपास द्यावी लागते, कारण सगळी हवा ज्वाळेच्या वाट्याला येत नाही. हवा कमी पडली तर जाळ लालसर, आळशी आणि उंच होतो, काच काळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. जास्त झाली तर जाळ पांढरट आणि आखूड होतो, पेटते तुकडे वाटीतून उडतात आणि उष्णता धुराड्यातून निघून जाते. त्यामुळे धुराच्या पंख्याचा वेग नुसता चालू-बंद न करता सलग बदलता आला पाहिजे.

युरोपातल्या बहुतेक शेगड्यांतले पंखे थेट २३० व्होल्टवर चालतात आणि त्यांचा वेग ट्रायॅक नावाच्या घटकाने बदलतात. घरातल्या छताच्या पंख्याच्या काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्येही हेच तंत्र असते. या विजेची लाट सेकंदाला ५० वेळा पूर्ण होते, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी ती शून्यातून जाते. नियंत्रकाने तो शून्याचा क्षण ओळखायचा, ठरावीक वेळ थांबायचे आणि मग ट्रायॅकला इशारा द्यायचा. उशीर जितका जास्त, तितका लाटेचा तुकडा लहान आणि पंखा संथ. पाच मिलिसेकंद थांबल्यास साध्या बल्बला अर्धी शक्ती मिळते, पंख्याचा वेग मात्र अर्धाच होईल असे नाही. इथे नवखे लोक हमखास एक चूक करतात. मायक्रोकंट्रोलर (नियंत्रकातला कार्यक्रम चालवणारी चिप) आणि ट्रायॅक यांच्यामध्ये प्रकाशाने इशारा पोहोचवणारा ऑप्टोकपलर लागतो, आणि त्याचे दोन प्रकार मिळतात. एमओसी३०२१ हा कोणत्याही क्षणी ट्रायॅक चालू करतो. एमओसी३०४१ हा मात्र लाट शून्याजवळ असतानाच चालू करतो. पंख्याच्या वेगासाठी दुसरा प्रकार लावला तर उशिराने दिलेला इशारा निरर्थक ठरतो आणि वेग बदलतच नाही. मळसूत्राच्या मोटरला मात्र नुसते चालू-बंद हवे असते, तिथे तोच दुसरा प्रकार योग्य, कारण त्याने विजेच्या तारांतला उपद्रवी गोंगाट कमी होतो.

पंख्याचा प्रत्यक्ष वेग मोजण्यासाठी त्याच्या दांड्यावर एक संवेदक असतो. तो असल्यास विजेचा दाब कमी-जास्त झाला तरी नियंत्रक वेग धरून ठेवू शकतो. पण एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते: धुराड्यात राख साचून वाट अडली, तर पंख्याचा वेग कमी होत नाही, वाढतो. या जातीच्या पंख्याला हवा ढकलण्यातच कष्ट पडतात, आणि हवाच जात नसेल तर त्याचे ओझे हलके होते. याचा अर्थ असा की पडद्यावर दिसणारा उत्तम वेग पाहून धुराचा मार्ग मोकळा आहे असे समजणे धोक्याचे आहे. त्यासाठी दाबाचा स्विचच हवा आणि तो कधीही तात्पुरता जोडून टाळायचा नसतो.

आता कार्यक्रमाकडे वळू. अशा यंत्राचा कार्यक्रम अवस्थांच्या भाषेत लिहिणे सर्वांत सुरक्षित असते. यंत्र एका वेळी एकाच अवस्थेत असते, आणि पुढच्या अवस्थेत जाण्याची अट स्पष्ट लिहिलेली असते. तपासणीत पंखा फिरतो, तापमापक शहाणे आकडे देत आहेत का ते पाहिले जाते. मग वाटीत मोजकी पहिली मूठ पडते, कांडी तापते आणि यंत्र वाट पाहते. धुराचे तापमान सुरुवातीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी चढले, की आग लागली असे समजून कांडी बंद होते आणि स्थिरावण्याचा काळ सुरू होतो. या काळात जळण कमीच द्यायचे. त्यानंतर नेहमीचे काम, मधूनमधून थोडा वेळ जळण थांबवून पंखा जोरात फिरवून वाटीतली राख उडवणे, आणि शेवटी विझवणे. विझवण्याच्या अवस्थेत जळण पूर्ण बंद, पण धुराचा पंखा चालूच, धुराचे तापमान साधारण ५० अंशांखाली येईपर्यंत आणि निदान दहा मिनिटे.

यांतल्या एका वळणावर मी जास्त थांबतो, कारण अपघात इथे होतात. पंधरा-वीस मिनिटे झाली तरी तापमान चढले नाही, तर नियंत्रकाने काय करावे? मनाला सुचणारे उत्तर म्हणजे आणखी एक मूठ टाकून पुन्हा प्रयत्न. हेच करू नये. न पेटलेल्या पण तापलेल्या पेलेटमधून दाट पांढरा धूर निघतो, तो धूर म्हणजे लाकडातला ज्वलनशील वायूच असतो, आणि शेगडीचे पोट त्याने भरलेले असताना कुठेतरी एक ठिणगी लागली तर सगळे एकदम भडकते. यात काच फुटू शकते किंवा दार उघडू शकते. म्हणून पेटवणी फसली की जळण बंद करावे, पंखा चालू ठेवून धूर बाहेर काढावा, थंड होऊ द्यावे आणि घंटा वाजवून माणसाला बोलवावे. वाटी हाताने रिकामी केल्याशिवाय पुढचा प्रयत्न होऊच नये, अशी अट कार्यक्रमातच घालावी. वीज गेल्यानंतर परत आली तर तीच शिस्त. यंत्राने आधी काय चालले होते याचा तर्क करत बसू नये, सरळ विझवण्याच्या अवस्थेतून सुरुवात करावी.

कार्यक्रम कितीही चांगला लिहिला तरी त्याच्यावर घर सोपवता येत नाही. ट्रायॅक बिघडतो तेव्हा अनेकदा जोडलेल्या अवस्थेतच बिघडतो. म्हणजे कार्यक्रम 'मोटर बंद' म्हणत असतो आणि मळसूत्र जळण टाकतच राहते. रिलेचे, म्हणजे विजेच्या इशाऱ्याने उघड-बंद होणाऱ्या स्विचचे, संपर्कही चिकटतात. म्हणून होपरजवळचा अति-उष्णतेचा स्विच, धुराचा दाबस्विच आणि असल्यास दाराचा स्विच हे मळसूत्राच्या मोटरच्या विजेच्या तारेतच, एकामागोमाग एक, जोडलेले असतात. त्यांपैकी एकही उघडला की मोटरला वीज मिळणे प्रत्यक्षातच अशक्य होते, मग मायक्रोकंट्रोलरचे म्हणणे काहीही असो. जुन्या बोर्डाच्या तारा काढताना ही साखळी नेमकी कुठून कुठे जाते हे कागदावर उतरवून घ्यावे आणि नव्या जोडणीत ती जशीच्या तशी ठेवावी. नियंत्रकाने या स्विचांची स्थिती वाचावी, घंटा वाजवावी, पण त्यांच्या जागी स्वतः बसू नये.

याच्या जोडीला एक स्वस्त आणि मला फार आवडणारी युक्ती आहे. मोटरच्या साखळीत आणखी एक रिले घालायचा, आणि तो साध्या 'चालू' इशाऱ्याने न चालवता कार्यक्रमाने सतत वर-खाली करत राहिलेल्या इशाऱ्याने, मध्ये एक कपॅसिटर घालून, चालवायचा. कपॅसिटरमधून बदलच पार होतो, स्थिर दाब होत नाही. त्यामुळे मायक्रोकंट्रोलर कुठेही अडकला, मग तो इशारा वर असताना असो की खाली असताना, रिले आपोआप सुटतो. नाडी चालू आहे तोवर जळण, नाडी थांबली की जळण बंद. मायक्रोकंट्रोलरमध्ये अंगभूत वॉचडॉग, म्हणजे कार्यक्रम अडकला की चिप पुन्हा सुरू करणारा पहारेकरी, असतो आणि तोही सुरू ठेवावाच, पण तो त्याच चिपच्या पोटात असतो, हा रिले बाहेर असतो.

तापमापकांबद्दल थोडक्यात. धुरासाठी के-जातीचा थर्मोकपल (तापमानानुसार बारीक विद्युतदाब देणारी दोन धातूंच्या तारांची जोडणी) आणि तो दाब आकड्यांत वाचणारी मॅक्स६६७५ ही चिप, ही जोडी घरगुती कामात सर्रास दिसते, ती ० ते १०२४ अंश सेल्सियस मोजते आणि पाव अंशाची पायरी देते. अडचण अशी की थर्मोकपलचा इशारा मिलिव्होल्टमध्ये असतो आणि शेजारी ट्रायॅक दर १० मिलिसेकंदांनी विजेचा झटका देत असतो, त्यामुळे आकडे नाचतात, आणि नाचऱ्या आकड्यावर 'आग लागली' असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. थर्मोकपलच्या तारा ट्रायॅकपासून दूर, वेगळ्या वाटेने न्याव्यात, काही वाचनांचा मध्यक घ्यावा आणि तापमान चढल्याची अट सलग मिनिटभर टिकली तरच मान्य करावी. तार तुटल्याचा इशारा आला तर त्याचा अर्थ 'थंड' असा न घेता 'विझवा' असा घ्यावा.

वीज खंडित होण्याचे संकट वेगळेच आहे, कारण तेव्हा धूर खेचणाराच थांबतो. धुराड्याला काही मीटरचा उभा भाग असेल तर गरम धूर स्वतःच्या हलकेपणाने वर जात राहतो. नुसतीच आडवी नळी भिंतीतून बाहेर काढलेली असेल तर तो खोलीत येतो. काही जण पंख्यासाठी इन्व्हर्टर जोडतात, पण स्वस्त इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते आणि शून्याचा क्षण शोधणारे सर्किट तिच्यावर गोंधळते, त्यामुळे शुद्ध साइन लाटेचाच घ्यावा. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा गजर मात्र नियंत्रक कोणताही असो, हवाच.

चाचणीची पहिली फेरी शेगडीपासून दूर, टेबलावर करावी. मोटर, दोन्ही पंखे आणि तापणारी कांडी यांच्या जागी चार साधे तंतूचे बल्ब लावावेत, म्हणजे कोणती अवस्था कधी सुरू होते, पंख्याचा बल्ब कसा मंद होतो, मोटरचा बल्ब दर आठ सेकंदांतून दोन सेकंद लागतो का, हे डोळ्यांनी दिसते. थर्मोकपलवर केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा सोडून आग लागल्याचा देखावा करता येतो. मग मुद्दाम मोडतोड करावी: थर्मोकपल उपसावा, दाबस्विचची तार सोडावी, कार्यक्रमात एक न संपणारे चक्र घालून मायक्रोकंट्रोलर अडकवावा आणि प्रत्येक वेळी मोटरचा बल्ब विझतो का ते पाहावे. यात एकदाही तो पेटता राहिला तर पुढे जाऊ नये. त्यानंतर खरी शेगडी दिवसा, माणूस समोर बसलेला असताना आणि खिडकी उघडी ठेवून, होपरमध्ये दोन किलोपेक्षा जास्त पेलेट न भरता पेटवावी. काहीही बिघडले तरी तेवढेच जळण जळणार असते. पाचही पातळ्यांवर जाळाचा रंग, वाटीतला ढीग आणि धुराचे तापमान वहीत लिहावे, हवेचे आकडे त्यानुसार दुरुस्त करावेत, आणि भर जाळात असताना एकदा प्लग काढून धूर कुठे जातो ते स्वतः पाहावे.